सुयोग नावाचा ठिपका

मी लॅपटॉप बोलतोय. भिंतीतल्या प्लगमध्ये माझी वायर आहे तोवरच बोलेन, कारण माझी बॅटरी मेलेली आहे. लाइट गेली की मीही गेलो. तेव्हा मध्येच थांबलो तर राग मानू नका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. पहिली नोकरी भिवंडीच्या एका गोदामात. तिथे दिवसभर मालाच्या पावत्या बनवायच्या, आणि बनवणारा माणूस माझ्या कळांवर फरसाण सांडायचा. गोदामवाल्यांनी नवीन लॅपटॉप घेतल्यावर मी शहापूरच्या एका दुकानात काचेमागे धूळ खात पडलो. तिथून मला कुणालीने उचललं. ती मुरबाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. घरी सांगितलं, अभ्यासाला हवा. अभ्यास केलाही, नाही असं नाही. पण पहिल्याच आठवड्यात तिने माझ्यात एक खेळ भरला.

खेळ फुटबॉलचा. पण त्यात बॉलला पाय लावायचा नसतो. तुम्ही फक्त मॅनेजर. कोण कुठे उभा राहील, कोण पुढे पळेल, कोण मागे थांबून बॉल पुरवेल, एवढं ठरवायचं. मग मॅच सुरू होते आणि हिरव्या पडद्यावर ठिपके पळतात. कुणालीने त्या ठिपक्यांना परदेशातली नावं ठेवलीच नाहीत. टोकावड्याच्या अलीकडे तिचं गाव, त्या गावातली पोरं तिने एकेक करून माझ्यात उतरवली. कोणाचा वेग किती, कोणाचा दम किती, कोण चिडला की पाय घालतो, हे सगळं ती शेताच्या बांधावर बसून बघायची आणि घरी येऊन आकड्यांत भरायची.

सुयोग तिचा चुलत भाऊ. त्याच्या उजव्या गुडघ्याचा आकडा तिने सगळ्यांत कमी ठेवला. "काय गो, मला लंगडा केलास?" तो हसत म्हणाला. "मी नाय केला. तू आहेसच," ती म्हणाली.

गुडघा आधीच एकदा दुखावला होता. सुयोग पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे माळशेजच्या रस्त्याने पळायचा. डॉक्टर म्हणाले होते, सरळ पळ, काही होणार नाही, पण झटक्याने वळणं, उड्या, धक्के टाळ. भरती तोंडावर आली होती. घरातला एक जण वर्दीत जाणार, याची वाट सगळेच बघत होते.

आता गावाच्या टीमची गंमत सांगतो. गावात बोहाडा होतो, मुखवटे चढवून देवांची सोंगं नाचवायचा उत्सव. त्यात कोणतं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे पिढ्यानपिढ्या ठरलेलं. नरसिंहाचं सोंग सुयोगच्या घरचं. त्याचे वडील, म्हणजे कुणालीचे कुंडलिक काका, अजून तो जड मुखवटा चढवतात आणि गर्दी फोडत पुढे येतात. गावाने फुटबॉलची टीम काढली तेव्हा तीही बोहाड्यासारखीच वाटून घेतली. नरसिंहाचं घर सगळ्यांत पुढे, गोल मारायला. प्रणितचा आजा गोलात उभा राहिला होता, म्हणून बाप गोलात, म्हणून प्रणित गोलात. बॉल अडवता येवो न येवो. टीमचे मुख्य अर्थातच कुंडलिक काका. मॅच बघताना ते हातातली काठी लाइनबाहेरून फिरवायचे, याला ते डावपेच म्हणत.

कुणालीने आधी काकांचीच टीम माझ्यात खेळवून बघितली. हरली. पुन्हा खेळवली. सुयोगचा ठिपका पुढे धावायचा, दोन बचाववाल्यांच्या मध्ये सापडायचा आणि काही मॅचनंतर त्याच्यावर लाल खूण यायची, जखमी. मग तिने एकेक बदल सुरू केला. सुयोगला एक पाऊल मागे घेतलं. मग आणखी मागे, बचावाच्या अगदी पुढ्यात, जिथे धावायचं कमी आणि बघायचं जास्त. प्रणितला गोलातून काढून पुढे नेलं, कारण तो उंच होता आणि त्याच्या पायाला वेग होता. बाजूच्या पोरांना सांगितलं, रुंद पसरा. मग मॅच जिंकली. पुढचीही जिंकली. खुर्चीत बसलेली कुणाली एवढ्या जोरात ओरडली की तिची आई अनिता हातात लाटणं घेऊन बाहेर आली.

सुयोग शेजारी बसून सगळं बघत होता. "मी मागून फेकायचा आणि प्रण्या पळणार?"

"हो. तुला बॉलच्या मागे जायचंच नाय. बॉलने तुझ्याकडे यायचं."

"साहेबासारखं," सुयोग म्हणाला.

कापणी झालेल्या शेतात त्यांनी हे करूनही बघितलं. सराव झाला की पोरं माझ्याभोवती घोळका करायची. प्रणित मला म्हणायचा, "काय कोच, आज काय?" मला कोणी कोच म्हटलेलं ते पहिलंच. गोदामात मला डबडं म्हणत.

टोकावड्याची टुर्नामेंट आली आणि काकांच्या कानावर गोष्ट गेली. ते ओसरीवर आले तेव्हा मी उघडाच होतो.

"कुनाली, टीमचं तू ठरवतंस?"

"बसा ना काका. दाखवते."

"दाखवू नको, सांग. सुयोग मागं उभा राहनार?"

"त्याचा गुडघा बघा, काका. पुढे राहिला तर धक्के खाणार. महिन्यावर भरती आहे त्याची."

"मी सोंग नाचवताना पायाला फोड यायचे. मागं सरकलो का?"

"ते सोंग आहे! हा फुटबॉल आहे. मुखवटा काढून ठेवता येतो, गुडघा काढून ठेवता येतो का?"

"जास्त शिकली म्हणून तोंड फुटलं काय तुला? आमचं घर पुढं असतं. आख्खा टोकावडा बघायला येनार. पोरगा मागं लपला म्हनतील."

कुणाली सुयोगकडे वळली. "बोल ना रे. डॉक्टर काय म्हणाले ते सांग त्यांना."

सुयोगने आधी वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. पडद्यावर त्याचा ठिपका मधोमध, निवांत उभा होता. "बाबा म्हनतात तसं खेळू," तो म्हणाला. "एकच तर टुर्नामेंट आहे."

मोठ्या माणसांपुढे गप्प बसण्याला इथे संस्कार म्हणतात. माझ्यात कुणालीने बरंच काही भरलं, हे भरलं नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

मॅच मी पाहिली नाही. कुणालीच्या बॅगेत होतो, झाकण बंद, पण तेव्हा माझ्या बॅटरीत थोडा जीव होता. फक्त ऐकली. लाउडस्पीकरवरचा माणूस ओरडत होता, "नरसिंहाच्या घरचा वाघ पुढे निघालाय!" शिट्ट्या, हलगी, काकांचा आवाज, "घुस, घुस!" कुणालीचा आवाज त्याच्यावर, "सुयोग, थांब, मागे ये!" मग हलगी वाजता वाजता थांबली. लाउडस्पीकरवाला म्हणाला, "पाणी आणा, पाणी." आणि सुयोगची हाक आली. आईला नाही, बापाला नाही. "कुणे," एवढंच.

बॅग जमिनीवर आपटली. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात तेव्हाच तडा गेला. तो अजून आहे.

गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं होतं. कल्याणला ऑपरेशन झालं. भरतीच्या दिवशी सुयोग खाटेवर होता. टीम ती मॅच हरली, पण त्याचं कोणाला काही नव्हतं. काका एवढंच म्हणायचे, "नशीब." हा शब्द मोठ्या माणसांना फार उपयोगी पडतो.

ऑपरेशननंतर सगळे पहिल्यांदा घरी जमले तेव्हा कुणालीने काकांना सगळ्यांसमोर विचारलं, "लपला नाय ना तुमचा पोरगा? बघितलं ना टोकावड्याने?" तिच्या वडिलांनी तिला आत ओढलं. त्यानंतर ती कल्याणला नोकरीला लागली, मैत्रिणींबरोबर खोली केली. जाताना मला सुयोगच्या खाटेवर ठेवून गेली. "त्यात तू बरा आहेस," म्हणाली.

आता सुयोग रोज दुपारी मला उघडतो. पाय उशीवर, मी मांडीवर. कुणालीने ठेवलेली टीम तशीच आहे. तो मॅच लावतो आणि आपला ठिपका बघत बसतो. ठिपका मधोमध उभा राहतो, बॉल येतो, प्रणितला देतो. खरा प्रणित हल्ली भेटायला येत नाही. आला तर काय बोलायचं ते त्याला कळत नसेल.

परवा दुपारी काका आले. खाटेच्या कडेवर बसले. हल्ली ते सुयोगच्या पायाकडे न बघता बसायला शिकलेत.

"ह्यात तू कोनता?"

"हा."

"मागं?"

"हो."

काका पडद्याकडे वाकले. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. जे कधीच बोलला नाही ते बोलेल. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाले, "ह्यात तरी पुढं घे की रे."

सुयोगने मान वर करून बापाकडे बघितलं. नाही म्हणायला त्याला दुसरी संधी मिळाली होती. त्याने ठिपका उचलला आणि सगळ्यांत पुढे नेऊन ठेवला. प्रणितला गोलात पाठवलं. काकांचा चेहरा उजळला. मॅच सुरू झाली.

मला खोटं बोलता येत नाही. कुणालीने भरलेला गुडघ्याचा आकडा माझ्यात खराच आहे. पुढे धावला की आज ना उद्या मी त्याला पाडणार, त्याच्यावर लाल खूण टाकणार, आणि ते बापाला आणि पोराला शेजारी बसून बघावं लागणार. ठिपका दोन बचाववाल्यांच्या मध्ये घुसला. काका पुटपुटले, "घुस, घुस."

आणि लाइट गेली.

"काय झालं?"

"बॅटरी नाय ह्याच्यात, बाबा. केलेलं सगळं पुसलं."

संध्याकाळी लाइट आल्यावर सुयोगने मला उघडलं. ठिपका पुन्हा मधोमध उभा होता. सुयोगने त्याच्याकडे बघितलं आणि झाकण लावलं.

काका उद्या मुरबाडला नवीन बॅटरी आणायला निघालेत. पोरासाठी काहीतरी करायचंय त्यांना, मला कळतं ते. मला न्यायला पिशवीही काढून ठेवलीय. म्हणून तुम्हाला सांगतो, तुमचं तिथे दुकान असेल आणि खांद्यावर टॉवेल टाकलेला एक म्हातारा कोपऱ्यात तडा गेलेला लॅपटॉप घेऊन आला, तर त्याला म्हणा, ह्याची बॅटरी आता मिळत नाही.

एवढं खोटं माझ्यासाठी बोला. मला येत नाही.