चौथा ग्राफ, मुक्काम पुरवणी

मित्रांनो, मध्ये बोलू नका, आधी नुसतं ऐका. मी एक जुना ग्राफ आहे. हसायचं तर हसा, पण ऐका.

माझा जन्म प्रयोगशाळेत झाला. तिथल्या ताईनं पाण्याचे पाइप जोडायला नवा गोंद बनवला होता. जोडलेले सांधे ती एका मोठ्या यंत्रात अडकवून तुटेपर्यंत ओढून बघायची. त्यातून आधी माझे तीन भाऊ झाले, सगळे गुणी, रेघ कशी ऐटीत वर जाणारी. माझीही चढते, पण थंडी वाढली की धपकन खाली येते, कारण कडाक्याच्या थंडीत तो गोंद तडकतो. मला बघून ताई म्हणाली, "बरं झालं आलास. नाहीतर कुणाच्या तरी घरात पाणी शिरलं असतं." माझं आयुष्यातलं कौतुक तेवढंच.

या सगळ्याचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, लिहून झाला आणि ताईनं तो जर्नलच्या, म्हणजे संशोधन छापणाऱ्या नियतकालिकाच्या, साच्यात बसवायला घेतला. दोन रकाने, बारीक अक्षर, पानं जास्तीत जास्त आठ. आमची झाली नऊ! समास कमी करावा तर साचा हलू देईना. मला लहान केलं तर माझे आकडे मुंग्यांसारखे दिसायला लागले, आणि तेही जर्नलला चालत नाही.

"नववं पान दिसलं की पेपर न वाचताच परत येतो," ताईचे मार्गदर्शक सर म्हणाले. "तो चौथा काढ. सगळं छान चाललंय आणि हा मध्येच तोंड पाडून बसलाय."

"त्यापेक्षा यंत्राचा फोटो वगळू का, सर?"

"अगं, यंत्र देणाऱ्यांना मी काय तोंड दाखवू? याला पुरवणीत टाक, पेपरासोबतच्या वेगळ्या फाइलीत. तिथं जागेला भाडं नाही."

म्हणून मी पुरवणीत, एकटाच, आणि पेपर बरोबर आठ पानांत बसला. ताईनं पेपरात माझ्यासाठी एक ओळ घातली, 'थंडीत सांधा तडकतो, ग्राफ पुरवणीत पाहा.' आणि झालं काय, शेवटची ओळ पुन्हा नवव्या पानावर सरकली. ती ओळ तिच्या दादाच्या आभाराची होती. ती शिकत असताना आजारी बाबांचं सगळं दादानं केलं होतं, आणि पहिल्याच पेपरात तुझं नाव घालेन असा तिचा शब्द होता. तिनं सगळी वाक्यं पिळून पाहिली. जागा एकाच ओळीची होती. शेवटी दादाची ओळ तिनं स्वतःच्या हातानं पुसली.

पेपर छापून आला तेव्हा दादाचा फोन आला. मी स्क्रीनवर उघडाच होतो.

"काय गं संशोधकबाई, माझी ओळ कुठल्या पानावर?"

"दादा, जागा नाही उरली रे."

"बरं. मग तिथं काय घातलंस?"

"एका ग्राफचा पत्ता."

"चांगला आहे का तरी?"

"नाही. आमचा गोंद कुठं हरतो ते दाखवतो."

"मग राहू दे त्याला," दादा म्हणाला, आणि बाबांच्या औषधाचं बोलायला लागला. फोन ठेवल्यावर ताईनं मला बंद केलं.

तेव्हापासून मी इथंच आहे. लोक पेपर वाचतात, यंत्राचा फोटो बघतात आणि जातात. माझी ओळही वाचत असतील, पण इथवर कुणी येत नाही. मित्रांनो, कुठलाही पेपर वाचलात तर पुरवणीचं दार एकदा ढकला, आत कुणीतरी वाट बघत असतं.

आणि आता बोला. जागा एकाच ओळीची होती, तुम्ही कुणाची ठेवली असती?