तेरा वर्षांचं तोंड

सुचिता मॅडमनी फोन आरोहीच्या तोंडासमोर धरला तेव्हा बायजा ओल्या बोंबलांच्या पाटीपाशी बसली होती. दोन बोंबील उचलायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टांगायची. हे काम तिचे हात न बघता करायचे. आत्ता ते थांबले होते.

"हलू नकोस," मॅडम म्हणाल्या. "डोळे नीट उघड."

"उघडेच हायत. समोरून ऊन येतंय."

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मॅडम घरी न जाता थेट इथं, आगरदांड्याच्या जेटीमागल्या मासळी सुकवायच्या वाळवणावर आल्या होत्या. आठवीच्या वर्गात भांडण पेटलं होतं. रील बघायच्या ॲपवर सगळ्या पोरांनी वय खोटं टाकून खाती काढलेली. मग कुठल्या कुठल्या देशांत कायदे झाले, लहान पोरांना असल्या जागी घ्यायचं नाही म्हणून, आणि या ॲपवाल्यांनी इथंही तपासणी लावली. फोनसमोर तोंड धरायचं, मशीन तोंड बघून वय ठरवणार. आठवडाभरात अख्ख्या वर्गाची खाती बंद पडली. एकट्या आरोहीचं चालू राहिलं. पोरांनी बोंब ठोकली, हिनं आईचं आधारकार्ड लावलंय.

"खरं सांग मॅडमना," बायजा म्हणाली. "पेटीतून माझं कार्ड काढलंस ना?"

"न्हाय गं आय. तोंड दाखवलं, बस."

"कुणाचं तोंड?"

"माझंच. दुसऱ्याचं कुठून आणू?"

बायजानं मनाशी ठरवून टाकलं होतं. खोटं निघालं तर मॅडमच्या देखत मुस्काटात द्यायची. पेटीत हात घालणारी पोर तिला चालणार नव्हती.

फोनवर एक गोल फिरत राहिला आणि हिरवा झाला. मॅडमनी वाचलं. मग चष्मा वर करून पुन्हा वाचलं.

"काय म्हणतंय?"

"अठराच्या पुढची आहे म्हणतंय," मॅडम म्हणाल्या. त्यांचा वर्गातला आवाज कुठल्या कुठं गेला होता.

आरोही हसली. "बघा! उगाच चोर ठरवत होते."

"बिघडलंय ते," बायजा म्हणाली.

"तसंच असणार. आमची लेक प्राप्ती एकोणीस पूर्ण झाली, कॉलेजात आहे. तिला तीनदा नाही म्हणालं. शेवटी ओळखपत्र..." मॅडम मध्येच थांबल्या. त्यांनी डोक्यावरची छत्री मिटली. उन्हानं डोळे दिपले तशी परत उघडली.

बायजा पोरीकडे बघायला लागली.

सहा वर्षांची असल्यापासून आरोही तिच्याबरोबर वाळवणावर होती. शाळेआधी दोन तास, शाळेनंतर दिवस बुडेस्तोवर. गालांची हाडं भाजून काळी पडलेली. खाऱ्या वाऱ्यानं ओठ फुटलेले. डोळे बारीक करून करून कडेला रेघा उमटलेल्या, अगदी बायजाच्या तोंडावर होत्या तशा. रोज पहाटे हेच तोंड ती हाका मारून उठवत होती, ह्याच तोंडात घास भरवत होती. आणि बघितलं मात्र एका मशीननं.

"मशीन बिघडत न्हाय, मॅडम."

दिनानाथशेट सुकी मासळी तोलून घ्यायला आला होता. काटा सोडून तो जवळ आला. वरच्या रस्त्याला त्याची कोळंबी सोलायची शेड होती.

"माझ्या शेडवर पण असलंच बसवलंय. माल बाहेरदेशी जातो. तिकडचं गिऱ्हाईक म्हणतं, बारकी पोरं नकोत. म्हणून बाई दारात आली की आधी तोंड दाखवायचं." तो बायजाकडे वळला. "बायजे, दिवाळीत काय म्हणालीस तू? 'तुमचं मशीन घेईल का तिला?' असंच ना? आता घेईल की गं!"

हे ती म्हणाली होती खरी. दोन वर्षं तो आरोहीला शेडवर मागत होता आणि असंच काहीबाही सांगून तिनं त्याला टोलवलं होतं. त्या शेडवर बायजानं स्वतः चार वर्षं काढली होती. दहा दहा तास बर्फाच्या पाण्यात हात. तिच्या दोन बोटांना अजून धड नखं नव्हती. आणि शेडवर गेलेली पोरगी शाळेत परत आलेली गावात कुणी पाहिली नव्हती.

"शेट, तेरा वर्षांची आहे ती," मॅडम म्हणाल्या. "गुन्हा आहे हा."

"तेरा कशावरनं?"

"शाळेच्या रजिस्टरवरून. मी स्वतः लिहिलीय तारीख."

"कुठली? एक जून?" दिनानाथ खदखदून हसला. "माझी पण एक जून. माझ्या बापाची पण एक जून. अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी, केक कुठनं पुरवायचा? असला दाखला कोण मानतंय, मॅडम?"

आरोहीच्या वेळी बाळंतपण घरात झालेलं, जन्म नोंदवायला कुणी गेलंच नव्हतं. पहिलीत नाव घालताना बायजानं सांगितलं होतं, नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशीची, होड्या पाण्यात लोटल्या त्या दिवशीची. तसं लिहिलं असतं तर शाळा सुरू होताना सहा वर्षं पूर्ण होत नव्हती. पोरीचं वर्ष फुकट जाऊ नये म्हणून मॅडमनी एक जून टाकला होता. बाकीच्यांचा टाकला होता तसाच.

"ती न्हाय येणार," बायजा म्हणाली.

"अगं, पण..."

"तेरा हाय ती. मला ठावं हाय. मी जन्म दिलाय तिला."

"मी कुठं न्हाय म्हणतो? मला तुझा शब्द चालेल. पण उद्या कुणी इचारलं तर तुझा शब्द दाखवू, का मशीनचा?" त्यानं काटा उचलला. "सोमवारी सकाळी फाट्यावर गाडी येईल. बघ."

तो गेला. मॅडमनी हातातली छत्री आरोहीच्या हातात दिली आणि त्या भर उन्हात रस्त्याकडे चालायला लागल्या.

आरोहीनं छत्री मिटून दगडाला टेकवली. छत्री धरून बोंबील टांगता येत नाहीत. तिनं पाटीतून दोन उचलले, जबड्यात जबडा अडकवला, जोडी दोरीवर टाकली. झरझर, न बघता.

"आय."

"काय?"

"शेडमध्ये सावली असते ना गं?"

बायजाच्या हातातले दोन बोंबील हातातच राहिले. एक कावळा उतरला आणि पाटीच्या काठावर बसला. तिनं त्याला हाकललं नाही.