तिसरा शेरा

शनिवारी, १२ फेब्रुवारी १९५५ रोजी, कोर्टाचं समन्स आलं तेव्हा शफी ड्रायव्हरचे वीस दिवस उरले होते.

हे दिवस तो वर्षभर मोजत होता आणि त्याच्या बायकोखेरीज कोणालाच ते ठाऊक नव्हतं. चौदा वर्षं त्याने लाकडाचे ट्रक चालवले. कोसमघाटच्या डेपोवर सागवान भरायचं, पळसटोल्याच्या जंगल-नाक्यावर पास दाखवायचा आणि चांद्याच्या स्टेशनात माल उतरवायचा. त्यातली शेवटची पाच वर्षं भैयाजी ठेकेदाराच्या गाडीवर गेली. लायसन दरवर्षी नवं करून घ्यावं लागे आणि ते काम भैयाजीचा मुनीम करी. मागच्या साली मुनीम तापाने पडला म्हणून शफी स्वतः चांद्याच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने लायसनचं पुस्तक चाळलं आणि मधल्या पानावर बोट ठेवलं.

"दोन शेरे आहेत तुमच्यावर."

"कशाचे शेरे?"

"एक्कावन्न साली ब्रेक नादुरुस्त. मग मूल गावच्या बाजारात गाडी जोरात हाकली, त्याचा शेरा बावन्न सालच्या चार मार्चचा. दोन्ही वेळा गुन्हा कबूल. तुमच्या सहीनिशी."

तांबड्या शाईतले ते दोन इंग्रजी शिक्के शफीने बरेचदा पाहिले होते. लायसन नवं केल्याचीच ती खूण असेल असं तो समजत होता. "पन दंड तं शेठनं भरला होता, साहेब."

"दंड गावानं वर्गणी करून भरला तरी चालतो. शेरा मात्र चालवणाऱ्याच्या लायसनवर पडतो." कारकून तसा भला माणूस होता. त्याने पुढचंही सांगून टाकलं. तिसरा शेरा पडला की मॅजिस्ट्रेट बहुधा लायसनच काढून घेतो. पण शेवटच्या शेऱ्यापासून सलग तीन वर्षं नवा शेरा पडला नाही, तर अर्ज करून कोरं लायसन मागता येतं. तो हक्कच आहे.

म्हणजे ४ मार्च १९५५.

आपण कधीच न दिलेल्या कबुलीवर आपली सही कशी, हे कोडं त्याला परत येताना वाटेतच उलगडलं. भैयाजीकडे नोकरीला लागताना मुनीमाने त्याच्याकडून तीन कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्या होत्या. रीतच तशी होती. गाडीवर खटला झाला की ड्रायव्हरने कोर्टात उभं राहायचं आणि गाडीने दोन दिवस अंगणात, हे कोणत्या मालकाला परवडणार? त्यापेक्षा कोऱ्या कागदावर 'गुन्हा कबूल' लिहायचं, दंड जोडायचा आणि रजिस्टर टपालाने पाठवून द्यायचं. खटला मिटला. तीनातले दोन कागद खर्ची पडले होते. तिसरा अजून भैयाजीच्या लोखंडी पेटीत होता.

त्याच पेटीत शफीचं लायसनही राही. सकाळी गाडीच्या चावीबरोबर ते बाहेर निघे आणि संध्याकाळी चावीबरोबर आत जाई. ड्रायव्हर दुसऱ्या मालकाकडे पळू नये म्हणून चांद्यातले सगळेच ठेकेदार असं करत. शफीला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. बैलाचा कासरा मालकाकडे असतो, त्यातलाच तो प्रकार.

आणि आता हे समन्स, सतरा फेब्रुवारीला कोर्टात हजर राहण्याचं. २७ जानेवारीला कोसमघाट ते पळसटोला हे सव्वीस मैल भरलेला ट्रक पन्नास मिनिटांत आणला असा आरोप होता. त्या रस्त्याला भरल्या गाडीला ताशी वीस मैलांची मर्यादा. चांद्याच्या एका हवालदाराने डेपोच्या पासवरची वेळ पाहिली, दहा चाळीस. नाक्याच्या शिक्क्याजवळची वेळ पाहिली, साडेअकरा. मग त्याने भागाकार केला.

"पन्नास मिनटं!" शफी भैयाजीच्या ओट्यावर उभा राहून म्हणाला. "भैयाजी, हे गाडी उतारावरून ढकलून देल्ली तरी तीसनं नाई पळत. तुमाले मालूम आहे."

भैयाजी पान लावत होता. "मले मालूम आहे, तुले मालूम आहे. हवालदाराले कोन सांगनार? जाऊ दे नं बावा. कागद आहे आपल्यापाशी, सोमवारी धाडून देतो. दंड माह्या."

"दंड तुमचा, पन शेरा माह्या. हा तिसरा आहे, भैयाजी. लायसन जाते माह्यं."

"असं कोनाचं जाते का? अन् सतरा तारखेले तू कोर्टात उभा राह्यला तं गाडी उभी रायते. डेपोवर माल पडून आहे." त्याने विडा गालात सारला. "तू काऊन डोक्स्याले ताप करून राह्यला? मी आहे नं."

भैयाजी दुष्ट नव्हता. ईदेला तो शफीच्या घरी साखर पाठवी. पण ही गोष्ट त्याला समजत नव्हती आणि समजून घ्यायची गरजही नव्हती.

त्या दिवशी खेप होती. शफी दुपारी भरल्या गाडीने पळसटोल्याला पोचला आणि नाकेदार नथ्थूसमोर त्याने समन्स धरलं. नथ्थूची आणि त्याची दहा वर्षांची ओळख. नाक्याच्या खोलीमागे नथ्थूची बायको मनकर्णा मोहाची लाकडं फोडत होती.

"सत्तावीस तारखेले तू साडेअकरा लिवले," शफी म्हणाला. "मी इथी कधी आलो होतो?"

नथ्थूने कागद उलटासुलटा केला. "सर्व्हिस मोटार गेली तवा आला होता तू. मले याद आहे. सर्व्हिस मोटार साडेअकराले जाते."

"घडी पाह्यली होती का?"

"घडी कुठी आहे इथी?" नथ्थू हसला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं.

नाक्यावर घड्याळ कधीच नव्हतं. नथ्थू सकाळची वेळ नाक्याच्या आडव्या बांबूच्या सावलीवरून लिही आणि आरमोरीहून येणारी उतारूंची सर्व्हिस मोटार गेली की साडेअकरा धरी. सत्तावीस तारखेला आभाळ भरलेलं होतं. सावली नव्हती, आणि त्याच दिवशी सर्व्हिस मोटारचं टायर फुटून ती तासभर उशिरा आली होती. शफीला ते पक्कं आठवत होतं, कारण त्या मोटारीच्या ड्रायव्हरला जॅक त्यानेच दिला होता.

"म्हंजे साडेबारा वाजले होते," नथ्थू म्हणाला.

"हो."

मनकर्णाच्या कुऱ्हाडीचा आवाज थांबला होता.

"कोर्टात येऊन सांगू म्हनतेस तं सांगतो," नथ्थू म्हणाला. "पन साहेब इचारन, नथ्थू, आजवर बाकीच्या येळा कशा लिवल्या? बारा वर्साचे रजिस्टर आहेत, शफीभाऊ. नोकरी तं जाईनच. हे खोली सरकारी आहे."

शफीने समन्सची घडी केली. चौकटीतल्या किड्यासारखी त्याची गत झाली होती. जिकडे सरकावं तिकडे लाकूड. गुन्हा कबूल केला तर त्याचं लायसन जाणार, खरं सांगितलं तर नथ्थूची नोकरी. आणि गप्प बसलं तरी सोमवारी पेटीतला तिसरा कागद टपालात पडणार.

माल उतरवून तो चांद्याच्या कोर्टाबाहेर गेला. तिथे चिंचेखाली मुश्ताक अर्जनवीस लोकांचे अर्ज लिहून देत चटईवर बसे. मुश्ताकची दाढी पांढरी आणि जीभ तिखट होती. सगळं ऐकून तो म्हणाला, "मियाँ, कोऱ्या कागदावर सही? निकाहसुद्धा माणूस नाव ऐकून कबूल करतो."

"गलती झाली, चचा. आता त्या कागदाचं काय?"

"कागद एकटा जाऊन काही करत नाही. ज्या गुन्ह्याला शेरा आहे, त्या गुन्ह्याच्या कबुलीसोबत लायसन पाठवावं लागतं. शेरा मारायला पुस्तक नको? लायसन नसेल तर कबुलीचं पत्र म्हणजे पुडी बांधायचा कागद."

शफीने सावकाश मान हलवली. मुश्ताकने चष्मा पुसला आणि आवाज खाली आणला. "आणि ऐक. गुन्हा कधी झाला याला तीन वर्षांच्या मोजणीत किंमत नाही. शेरा कधी पडला ते पाहतात. इथे सगळे तारीख पडली म्हणून रडतात. तू तारीख मागून घे. सतराला उभा राहा, कबूल नाही म्हण. साक्षीदार बोलवायला तारीख पडतेच. चार मार्चच्या पलीकडे पडली, तर आधी कोरं लायसन घे, मग बघू."

"अन् अलीकडे पडली तं?"

"मग अल्ला मालिक. माझे अर्जाचे आठ आणे मात्र आज दे."

त्या संध्याकाळी शफीने भैयाजीच्या हातात चावी दिली. भैयाजीने पेटी उघडली आणि हात तसाच पुढे ठेवला.

"लायसन?"

"माह्यापाशी राहू द्या."

भैयाजीने प्रथम हसून पाहिलं, मग हसणं बंद करून पाहिलं. "उद्यापासून गाडीवर कोन जाईन मंग?"

"मी जातो की."

"पेटीत लायसन नाई, तं चावी नाई," भैयाजी म्हणाला आणि त्याने पेटीचं झाकण लावलं.

घरी त्याच्या बायकोने, जाहिदाने, त्याचा खाकी सदरा मागितला, आतल्या बाजूने छातीवर एक खिसा शिवला आणि त्याला लाकडी बटण लावलं. "दंड त्यांचा अन् डाग आपला," ती दोरा तोडत म्हणाली. "लै दिवस चाल्लं."

सतरा तारखेला कोर्टात शफीचं नाव पुकारलं गेलं तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. मॅजिस्ट्रेटने आरोप वाचून दाखवला.

"कबूल आहे?"

"नाई, हुजूर."

"मग नाक्यावरची वेळ खोटी आहे का?"

समोर उत्तर तयार होतं. घड्याळ नाही, सावली नाही, सर्व्हिस मोटार उशिरा आली. तीन वाक्यं. ती बोलली की तो मोकळा. शफीच्या डोळ्यांपुढे थांबलेली कुऱ्हाड आली.

"माह्या म्हननं पुढच्या तारखेले सांगतो, हुजूर."

"हवालदाराला बोलवा. अठ्ठावीस फेब्रुवारी."

अठ्ठावीस फेब्रुवारी म्हणजे चार मार्चच्या चार दिवस अलीकडे. छातीवरच्या खिशातलं पुस्तक एकदम जड झालं. शफी काही बोलणार, तोच तारखा सांभाळणाऱ्या पेशकाराने डायरी पुढे सरकवली आणि हळूच सांगितलं की अठ्ठावीसपासून साहेबांचा मुक्काम दौऱ्यावर आहे, सिरोंच्याकडे. मॅजिस्ट्रेटने कपाळाला आठी घालून पान उलटलं.

"दहा मार्च."

बाहेर चिंचेखाली मुश्ताकने नुसती भुवई उचलली. शफीने दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली. मुश्ताक म्हणाला, "बस, आता पंधरा दिवस सायकललाही हात लावू नको."

शफीने खरोखरच लावला नाही. भैयाजीच्या गाडीवर बल्लारशाचा कोणी इसरू नावाचा ड्रायव्हर आला होता. गल्लीच्या तोंडावरून आपली गाडी जाताना शफी घरात बसून ऐके. दुसऱ्या गिअरला ती कुरकुरे, तिथे क्लच अर्धा दाबावा लागतो हे इसरूला माहीत नव्हतं. घरातले तांदूळ संपत आले. दुसऱ्या एका ठेकेदाराकडे तो विचारायला गेला, तर त्याने पहिला प्रश्न केला, "भैयाजीनं लायसन सोडलं का?" चांद्यात बातमीला चाकं लागत नाहीत.

शनिवारी, पाच मार्चला, कचेरी उघडण्याआधी तो पायरीवर बसलेला होता. त्याच कारकुनाने अर्ज घेतला, तारखा दोनदा ताडून पाहिल्या आणि सोमवारी नवं पुस्तक हातात ठेवलं. शफीने पानं उलटली. कुठेच तांबडं नव्हतं. जाहिदाने ते दोन्ही हातांत धरून पाहिलं आणि पुन्हा खिशात घालून बटण लावलं.

दहा तारखेला हवालदार साक्षीला हजर होता. मॅजिस्ट्रेटने कागद पुढे ओढले. "हं. तुमचं म्हणणं?"

"कबूल आहे, हुजूर."

"मागच्या वेळी नाही म्हणालात."

"विचार केला, हुजूर."

हवालदार खूश झाला. दंड झाला, तो जाहिदाच्या कानातल्या बाळ्यांतून भरला. पेशकाराने नवं पुस्तक मागितलं, पहिल्या कोऱ्या पानावर शिक्का ठोकला आणि वाळायला उघडं ठेवलं. न केलेल्या गुन्ह्याचा शेरा. पण पहिला. शफी शाई वाळेपर्यंत उभा राहिला.

इसरूने क्लच जाळला होता, त्यामुळे भैयाजीनेच बोलावणं धाडलं. पेटीचा विषय त्याने काढला नाही. बाकी रीत मात्र रीत. त्याने तीन कोरे कागद पुढे केले.

"जुना एक शिल्लक आहे. तो फाडतो. हे नवीन."

शफीने तिन्हींवर सही केली. पुडी बांधायचे कागद, त्याला आता ठाऊक होतं. चावी उचलताना त्याने छातीवरचं बटण चाचपलं.

डेपोवर पासवर वेळ पडली दहा चाळीस. वाटेत त्याने एकदाही गाडी पळवली नाही. पळसटोल्याला आडवा बांबू खाली होता आणि खोलीच्या भिंतीवर एक नवं गोल घड्याळ होतं. नथ्थूने ते स्वतःच्या पैशांनी आणलं होतं. काटे सव्वासातवर होते.

"बंद आहे का?"

"काल पडलं. दुकानवाला म्हनते नागपूरले धाडा लागन." नथ्थू शिक्का घेऊन उभा होता. आकाशात ढग होते. बांबूखाली सावली नव्हती. त्याने पास भिंतीला टेकवला, टाक उचलला आणि विचारलं, "शफीभाऊ, किती वाजवू?"

शफीने मनात सव्वीस मैल मांडले. "साडेबारा लिव."

"पन आता तं बाराच वाजले असन."

"हो," शफी म्हणाला. त्याने इंजिन बंद केलं, पाय वर घेतले आणि साडेबारा व्हायची वाट पाहत बसला.