बारीक आवाज

“मिस्त्री, आवाज जसाच्या तसा हाय,” गाडीतून उतरता उतरता नानासाहेब म्हणाले. “काल लग्नाला गेलो. मांडवापाशी ब्रेक दाबला, तर सनईवाला तोंडातली सनई काढून माझ्याकडं बघायलाय.”

त्रिंबक मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले. “तसं कसं व्हईल? मी सोता ट्रायल घेतली की.”

“घेतली असंल. पण आमची मंडळी वरच्या मजल्यावरून वरडती, कुत्रं सापडलं का काय चाकाखाली म्हणून. आता बोला.”

“मला तर काय आवाज आला नाय,” मिस्त्री म्हणाले.

गॅरेजमागच्या घरातून चहा घेऊन येणारी कस्तुरा दारातच थांबली. हे वाक्य तिनं यापूर्वी एकदा ऐकलं होतं. याच माणसाच्या तोंडून, याच सुरात.

कस्तुरा मिस्त्रींची एकुलती एक मुलगी; त्यांना ती आबा म्हणे. नाशिकला एका ग्रंथालयात नोकरीला होती. आईच्या वर्षश्राद्धासाठी आली होती आणि श्राद्ध काल पार पडलं होतं. भरलेली पिशवी ओसरीत तयार होती, संध्याकाळची गाडी होती. यानंतर या घरात यायचं नाही, हे तिनं नाशिकहून निघतानाच ठरवलं होतं. आबांना सांगितलं नव्हतं. तेवढं बोलणंच दोघांत उरलं नव्हतं.

माय शेवटी शेवटी अंथरुणावरच होती. आवाज इतका खोल गेला होता की हाक दारापर्यंत पोचत नसे. म्हणून उशाशी स्टुलावर स्टीलची एक वाटी आणि चमचा ठेवलेला असे. काही लागलं की माय वाटी वाजवी. रजा काढून आलेली कस्तुरा त्या दुपारी औषधं आणायला औरंगपुऱ्यात गेली होती. परत आली तेव्हा माय खाट आणि दार यांच्या मध्ये फरशीवर पडलेली होती. आबा दाराबाहेर ओसरीत, वर्तमानपत्र पसरून कुठल्याशा गाडीचे सुटे भाग घासत बसले होते. झोपलेले नव्हते. चांगले जागे होते.

“किती वाजवलं गं,” तिला उचलताना माय म्हणाली. “मान वर करून बघितलं बी नाय त्यांनी. मग मीच उठले, अन् भिंतीला धरून घसरत खाली आले.”

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातून माय परत आली नाही. आबा भेटायला गेले की ती भिंतीकडं तोंड फिरवी. काही ऐकू आलं नाही का, असं विचारल्यावर आबा एवढंच म्हणाले होते, “मला आवाज आला नाय.” आणि कस्तुराला ते खरं वाटणं शक्यच नव्हतं. तिचं सगळं लहानपण या माणसाच्या कानाचं कौतुक ऐकण्यात गेलं होतं. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की तिच्या कोणत्या चाकाचं बेअरिंग गेलंय, हे ते जेवता जेवता सांगत. असा माणूस ऐकू आलं नाही म्हणतो, म्हणजे त्याला ऐकायचं नव्हतं. मायनंही तेच मानलं, आणि तेच मनात धरून ती गेली.

“ठेवून जा गाडी,” आबा नानासाहेबांना सांगत होते. “उन्हं उतरली की या.”

“या डाव तरी तिचं तोंड बंद करा बुवा. तुमचं नाव मी चार जणांत सांगून बसलो.”

नानासाहेबांची करमाडकडची जमीन कारखान्यांत गेली, पैसा आला आणि त्यांची वेगवान गाडीची जुनी हौस जागी झाली. गाडी निळी, दोन दारांची, पोट जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. पाय टेकवायचा अवकाश, अंगात आल्यासारखी धावायची. आत बसायचं तर नानासाहेबांना आधी फेटा काढून शेजारच्या सीटवर ठेवावा लागे. फेट्यालाही पट्टा बांधतात, अशी छावणीत चेष्टा होती. चहा पिऊन ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून गेले.

आबांनी किल्ली उचलली. दोन पावलं गेले, थांबले आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, “तू बी चल.”

“मी? कशाला?”

“बस म्हणलं तर बस की.”

ट्रायलला त्यांनी तिला कधीच नेलं नव्हतं. ती बसली.

छावणीत बाजार संपला की एक लांबलचक दगडी भिंत लागते. रस्ता रुंद, रहदारी नाही. ब्रेकचं काम आलं की आबा गाडी इथंच आणत. काचा खाली करायच्या, गाडी भिंतीला अगदी लगटून हळूहळू न्यायची आणि ब्रेक नुसता टेकवायचा. मोकळ्या रस्त्यावर आवाज विरून जातो, कुठून आला ते कळत नाही. भिंत मात्र तो जसाच्या तसा परत देते. आधी डावी बाजू भिंतीकडं, मग गाडी वळवून उजवी. ही त्यांची जुनी रीत.

त्यांनी ब्रेक टेकवला.

काचेवर सुरी ओढावी तसा आवाज निघाला आणि भिंतीवर आपटून सरळ कस्तुराच्या कानात घुसला. कडेला चरणाऱ्या शेळ्या उधळल्या. टपरीवरच्या चहावाल्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि ओरडला, “मिस्त्री, ये गाडी रोती कायकू?”

आबांनी त्याला हात केला आणि तो हसत होता म्हणून तेही हसले. मग तिच्याकडं वळून म्हणाले, “बघ. गेला का नाय?”

ते थट्टा करताहेत असं तिला क्षणभर वाटलं. पण भाजीत मीठ बरोबर पडलंय का, असं विचारणाऱ्या माणसासारखा त्यांचा चेहरा स्वच्छ होता.

“आबा, परत दाबा.”

त्यांनी दाबला. या वेळी तिनं रस्त्याकडं नाही, त्यांच्याकडं बघितलं. आवाज उठला, वाढला, थांबला. आबांची पापणीही हलली नाही.

तिला स्टुलावरची वाटी आठवली. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

“काय गं?”

“आहे अजून,” ती म्हणाली.

“लई?”

“लई.”

आबांनी गाडी भिंतीच्या सावलीत उभी केली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच राहिले. मग म्हणाले, “बेअरिंगचा येतो मला. इंजिनाचा येतो. तू बोलायलीस ते येतं. मधी मधी वाटायचं, काहीतरी कमी झालंय. आंगणात चिमण्या ऐकू येईनात. मला वाटलं, चिमण्याच गेल्या.”

चिमण्या रोज सकाळी ओसरीच्या पत्र्यावर इतका कालवा करीत की तिला झोपू देत नसत.

“बरं,” आबा म्हणाले. “मी दाबतो, तू ऐक. कंच्या चाकाचा ते सांग.”

मग त्या दोघांनी त्या भिंतीलगत फेऱ्या मारल्या. ते पाय टेकवायचे, ती कान द्यायची. उजवी बाजू भिंतीकडं असली की आवाज दूरचा येई. डावी असली की अंगावर येई.

“डावं. पुढचं.”

“नक्की?”

“नक्की.”

“च्या मायला,” आबा पुटपुटले. “उजवं उघडून साफ केलं मी. मग ट्रायलला वाजलं नाय, म्हणून डावं उघडलंच नाय.”

गॅरेजमध्ये येऊन त्यांनी गाडी जॅकवर घेतली, चाक उतरवलं. दोन पिना ठोकून काढल्या आणि ब्रेकचे पॅड उपसून हातात धरले. नानासाहेबांनी हौसेनं शर्यतीच्या गाड्यांचे कडक पॅड बसवून घेतले होते. ते पॅड चांगले तापले की गुणी. पण नानासाहेबांची गाडी या मांडवातून त्या मांडवात सावकाश जायची. कधी न तापलेल्या पॅडच्या तोंडावर काचेसारखी चकाकी चढली होती. आबांनी सपाट लादीवर घासकागद ठेवून ती चकाकी उतरवली, पॅडच्या कडा कानशीनं तिरक्या केल्या. मग पॅड उलटा करून बघत राहिले.

“हे बघ. याच्या पाठीला पत्री लागती. आधी कुणी काम केलं असंल, त्यानं बसवलीच नाय.”

डिकीत जुने, काढलेले पॅड पडले होते. त्यांच्या पाठीची पातळ पत्री त्यांनी अलगद सोडवली, साफ केली, ठोकून सपाट केली. त्या कामात त्यांच्या तोंडून आपसूक बोलणं निघत होतं, पूर्वी हाताखालच्या माणसांना सांगत तसं.

“ब्रेक दाबला की पॅड थरथरतो. ती थरथर ही पत्री पिऊन टाकती. ही नसली की वाजणारच. जाड लोखंड थरथरलं की जाड आवाज. आणि पातळ असलं की बारीक…”

ते थांबले. स्क्रूड्रायव्हरनं त्यांनी पत्रीवर एक टिचकी मारली. पत्री कानाशी नेली. पुन्हा मारली.

“कस्तुरे,” ते म्हणाले, “तिची वाटी पातळच होती नव्हं?”

कस्तुरा जमिनीवरच्या पिना गोळा करू लागली. आबांनी पुन्हा विचारलं नाही. पॅडच्या पाठीला बोटानं थोडं वंगण लावलं, पत्री बसवली, पिना मागून घेतल्या. चाकाचे नट आवळताना मात्र त्यांनी प्रत्येक नट दोनदा आवळला.

पडेगावच्या पुढं दौलताबादच्या रस्त्यावर त्यांनी गाडी जोरात पळवली आणि दाबून हळू केली, पुन्हा पळवली, पुन्हा दाबली. मध्ये कुठंही पुरती उभी केली नाही. जळका वास आला तेव्हा म्हणाले, “येऊ दे. बसायलेत पॅड.” मग ब्रेकला पाय न लावता, ते निवू देत गाडी परत आणली. वाटेत एकदा कस्तुरानं बोलायला तोंड उघडलं होतं. पण काय सांगणार? तुम्ही खरं बोलत होता, हे आता सांगण्यात काही अर्थ नव्हता. ज्या बाईला ते कळायला हवं होतं, ती भिंतीकडं तोंड करून गेली होती. आणि मायनं वाटी वाजवली होती, खूप वेळ वाजवली होती, हे कस्तुरानं आबांना कधी सांगितलंच नव्हतं.

भिंतीपाशी त्यांनी ब्रेक टेकवला. काही नाही. टायरखाली खडी तेवढी करकरली. गाडी वळवली, पुन्हा टेकवला.

“आला?”

“नाही.”

“मला बरं वाटावं म्हणून सांगू नको.”

“खरंच नाही, आबा.”

चहावाल्यानं मान वाकवून आत बघितलं. “क्या मिस्त्री, सुला दिए इसकू?”

नानासाहेब आले, गाडी घेऊन कोपऱ्यापर्यंत गेले आणि खुशीत परत आले. “आता कशी मांजरागत थांबायली! मिस्त्री, तुमच्या कानाला तोड नाय बघा.”

“माझ्या नाय,” आबा म्हणाले. पण तोवर नानासाहेबांनी फेटा शेजारी ठेवून काच वर केली होती.

उन्हं ओसरीच्या पायरीवर आली होती. कस्तुरानं पिशवी उचलली. आबा आत गेले होते, ते लवकर बाहेर येईनात. आले तेव्हा त्यांच्या हातात वाटी आणि चमचा होता. माय गेल्यापासून वाटी फडताळावर पालथी होती. त्यांनी ती सदऱ्याच्या टोकानं पुसली.

“जा. तिच्या खाटेवर बस.”

“आबा, राहू द्या. माझी गाडी चुकेल.”

“त्या दिवशी तिनं वाजवली व्हती का नाय, ते मी तुला विचारीत नाय,” ते म्हणाले. “माझं मला बघू दे.”

ती आत जाऊन रिकाम्या खाटेवर बसली. आबा बाहेर ओसरीत गेले, त्या दुपारी बसले होते तिथंच, आणि पाठ फिरवून उभे राहिले. हात मागं बांधलेले. मान थोडी डावीकडं कललेली. गल्लीत गाडी वळली की जेवता जेवता ते अशीच मान करीत.

तिनं वाटी वाजवली. आधी हळू, मग जरा जोरात. त्या सुन्न घरात तो आवाज भिंतींना लागून फिरला. शेजारच्या अंगणात धान्य निवडणाऱ्या दगडाबाईंनी कुंपणावरून मान वर केली, ओसरीत उभ्या आबांकडं बघितलं आणि पुन्हा कामावर वाकल्या. कस्तुरा वाजवत राहिली. मायनं वाजवलं असेल तसं, थांबून थांबून, पुन्हा पुन्हा.

“वाजव की गं,” पाठमोरे आबा म्हणाले.

तिनं चमचा खाली ठेवला. वाटी अजून झणझणत होती. तिनं तिच्यावर तळहात ठेवला. आवाज थांबला.

आबा तसेच उभे होते, मान कललेली, वाट बघत.