सीटखालची चप्पल

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावहून हिंगोलीला जीप चालवतो मी, प्रेमदास. तोंडाचा फटकळ माणूस, पण चार महिन्यांपूर्वी बायकोपुढे माझी दातखीळ बसली. लग्नाचं भाडं घेऊन वारंगा फाट्याला गेलो होतो. तिथे दोन घोट जास्त झाले आणि एका बाईकडे गेलो. तिने निरोध वापरायला सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. दोष तिच्यावर ढकलायचीही सोय नाही.

दारू उतरली आणि एचआयव्हीची भीती चढली. संगिताला हात लावायची हिंमत होईना, कारण सांगवेना. मग सांगून टाकलं की सेवालाल महाराजांना नवस बोललोय, तीन महिने वेगळं झोपायचं आणि अनवाणी राहायचं. आमच्या बंजारा तांड्यात नवसाला कुणी उलट विचारत नाही. हे ठाऊक होतं म्हणूनच महाराजांना मध्ये घातलं. लिहितानाही लाज वाटते.

ती म्हणाली, नवस एकट्याचा कसा असेल? दुसऱ्या दिवसापासून तीही अनवाणी. मी तांडा ओलांडला की सीटखालची चप्पल पायात सरकवायचो. ती कापसाच्या पऱ्हाटीत तशीच राबायची.

महिन्याने हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात रक्त दिलं. निगेटिव्ह आलं. तिथल्या तपासणीच्या रागिणी मॅडम म्हणाल्या, इतक्या लवकर पक्कं सांगता येत नाही, तीन महिने भरले की या. मला 'पक्कं सांगता येत नाही' एवढंच ऐकू आलं. मग वाशिमला तपासलं, नांदेडला तपासलं. सगळीकडे निगेटिव्ह, आणि मला वाटे, रक्ताच्या बाटल्यांची अदलाबदल झाली असेल. साधी शिंक आली तरी जीप बाजूला घेऊन जुने रिपोर्ट पुन्हा वाचायचो.

तीन महिने भरले. मॅडमनी शेवटचा रिपोर्ट दिला, निगेटिव्ह. मी विचारलं, मशीन चुकली असेल तर? त्या चिडल्या नाहीत.

"भाऊ, आता हा रिपोर्ट पक्का. यासाठी पुन्हा रक्त द्यायची गरज नाही."

घरी आलो तर संगिता ओट्यावर बसून सुईने तळपायातला काटा काढत होती. भेगांत काळी माती बसली होती. मला बघून हसली.

"आज भरला ना नवस? पोहरादेवीला म्हाराजांच्या पाया पडून येऊ. काय मागितलं व्हतं, आता तरी सांगा."

आणखी एक खोटं जिभेवर तयार होतं. पण ते पाय बघून बाहेर पडेना. मी रिपोर्ट तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, सीटखालच्या चपलेसकट.

तिने कागद दोनदा वाचला. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"ह्यो कागद बराबर असंल," ती म्हणाली. "पर तुमी बोलता ते खरं हाय का न्हाई, ते कुठं तपासून मिळंल?"

मग उठली, दारामागची आपली चप्पल झटकली, पायात घातली आणि शेताकडे निघून गेली.