बाल्कनीवाली खोली

सार्डिनिया बेटावरून इटलीच्या किनाऱ्यावर लिव्होर्नोला येणारी बोट सकाळी सुटते आणि संध्याकाळी लागते. जर्मन लोक आत शिरल्या शिरल्या डेकवरच्या खुर्च्यांवर टॉवेल टाकून जागा अडवतात. इतक्या वर्षांत आम्हीही तेवढं शिकलो होतो. मी पुढे पळत जाऊन पाच खुर्च्या धरल्या, तोवर लतिका दशम्या आणि चटणी घेऊन आली.

आम्ही म्हणजे दोन कुटुंबं. मी आणि माझा नवरा श्रीपाद जर्मनीत बॉबलिंगेनला राहायचो. लतिका, गुरुदत्त आणि त्यांची सहा वर्षांची अन्वी शेजारच्या सिंडेलफिंगेनला, दोन खोल्यांत. दोन्ही नवरे एकाच सॉफ्टवेअर कंपनीत. २००६ चा जून होता आणि वर्ल्डकप जर्मनीतच चालला होता, त्यामुळे खाणं झाल्यावर दोघे बारमधल्या टीव्हीसमोर जाऊन बसले. लतिकाला बोट लागते, ती आत जाऊन आडवी झाली. अन्वी माझ्याजवळ राहिली.

मी खुशीत होते, हे सांगायलाच हवं. एक सप्टेंबरपासून मी आमच्या घराजवळच्या किंडरगार्टनमध्ये लागणार होते, तीन वर्षांच्या आउसबिल्डुंगसाठी, म्हणजे काम करता करता शिकायला. माझ्या एम. कॉम.ला त्या देशात कुत्रंही विचारत नव्हतं. सहा वर्षं मी श्रीपादच्या व्हिसावरची बायको होते. मग भाषेचे वर्ग, परीक्षा, आणि परीक्षेत दोनदा नापास. तिसऱ्या वेळी रोज दुपारी लतिकाने फोनवरून माझ्याकडून शब्द पाठ करून घेतले होते. तिकडे तिची भाजी फोडणीला पडलेली ऐकू यायची आणि इकडे मी क्रियापदं म्हणायचे. पास झाले तेव्हा पहिला फोन तिला केला, नवऱ्याला नंतर.

अन्वी समुद्राचं चित्र काढत होती. पिवळा खडू संपत आला तसं तिने तो जपून बाजूला ठेवला आणि नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये म्हणाली, "हा माझ्या नव्या खोलीसाठी. भिंती पिवळ्या करणार आहोत."

"अरे वा. कुठली नवी खोली?" मी मराठीतच विचारलं.

"तुमची. बाल्कनीवाली. तुम्ही पुण्याला गेलात की." मग दुसरा खडू शोधता शोधता, "सुट्टी संपेपर्यंत तुला सांगायचं नव्हतं. पण आता संपली ना?"

मी म्हटलं, हो, संपली. तिला दुसरा कागद दिला. पोरीला काय बोलणार.

मला आठवला मे महिना. श्रीपादने टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला होता. आमच्याकडे पहिल्यापासूनची रीत अशी, की जर्मन कागद तो बघायचा आणि जिथे माझी सही हवी तिथे पेन्सिलने बारीक फुली करून ठेवायचा. सुरुवातीला मला अक्षर कळत नव्हतं तेव्हा ही सोयच होती. बँक, विमा, टॅक्स, फुली दिसली की सही. त्या दिवशीही पोळ्या लाटता लाटता हात पुसून चार-पाच सह्या केल्या. घर दोघांच्या नावावर भाड्याने होतं, तेव्हा ते सोडण्याच्या नोटिशीवर माझीही सही लागणार. ती मी केली होती. मला वाचता येत होतं. परीक्षा पास झालेली बाई मी, आणि वाचलं नाही. आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला आणि वर विचारलं, चहा टाकू का?

मी आत गेले. लतिका डोळ्यांवर ओढणी घेऊन पडली होती.

"लतिका, आमचं घर तुम्ही घेताय?"

ती उठून बसली. खोटं बोलली नाही, एवढं मान्य करते.

"श्रीपाद म्हणाला होता तो स्वतः सांगेल. रोज वाटायचं, आज सांगेल."

"घर बघायला कधी आलात?"

"मालिनी, इथे घर मिळत नाही गं, तुला माहितीये. अन्वीची शाळा सुरू होतेय."

"कधी आलात?"

"तुझी परीक्षा होती त्या दिवशी," ती म्हणाली.

म्हणजे सकाळी मला धीर देणारा फोन केला आणि दुपारी माझ्या खोल्या मोजल्या. यालाच केसाने गळा कापणं म्हणतात. मला तिथेच रडू आलं आणि ते तिच्यासमोर आल्याचा राग आला.

श्रीपादला मी बारमधून बाहेर बोलावलं. माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं.

"हिंजवडीचं ऑफिस माझ्याकडे देतायत," तो रेलिंगला टेकून म्हणाला. "असा चान्स परत येत नाही. आईपण एकटी आहे. मी घरी गेल्यावर शांतपणे सांगणारच होतो."

"घर कधीपर्यंत आहे?"

"एकतीस ऑगस्ट."

"आणि मला एक तारखेला कामावर जायचंय."

"अगं, मुलं सांभाळायचं काम पुण्यातही मिळेल."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस," तो म्हणाला, अगदी सरळपणे.

याच्यावर काय भांडणार? उत्तर माहीत होतं म्हणून त्याने प्रश्नच टाळला होता. सार्डिनियात सात दिवस एका घरात राहिलो, एका ताटात खाल्लं, आणि तिघांनी मला ताकास तूर लागू दिली नाही.

लिव्होर्नो जवळ आलं तशी गाडीवाल्यांनी खाली जाण्याची घोषणा झाली. श्रीपाद आमच्या गाडीची किल्ली घेऊन पुढे गेला, मागोमाग ते तिघे. माझी पर्स खांद्यावर होती. पासपोर्ट, फोन आणि बँकेचं कार्ड त्यातच होतं. जिन्यापाशी मी खाली वळले नाही. पायी उतरणाऱ्यांच्या रांगेत, पाठीवर पिशव्या घेतलेल्या विद्यार्थ्यांमागे जाऊन उभी राहिले. कुणी काही विचारलं नाही.

धक्क्यावर आले तेव्हा फोन वाजला. बोटीच्या पोटातून गाड्या एकेक करून बाहेर येत होत्या. आमची अजून आतच होती.

"कुठे आहेस? सगळे खोळंबलेत."

"उतरले मी. स्टेशनवर चाललेय. तुमच्याबरोबर गाडीतून येणार नाही."

"मालिनी, तमाशा करू नकोस. गाडीत ये. घरी जाऊन बोलू."

"कुठल्या घरी?" मी विचारलं.

फोनमध्ये त्याच्या मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत होता, तेवढंच मला नीट ऐकू आलं.