कान बंद असताना

स्पीकरच्या जाळीवरची धूळ रोवेलिनने नखाने खरवडली… सकाळपासून एकदाही टिंग नाही. एरवी कुणीतरी शीतगृहाचं दार उघडं टाकायचं, तापमानाचा आकडा चढायचा, तो तिथल्या कॉम्प्युटरवर नोंदला की एक्सेलचा सेल लाल व्हायचा आणि इथे वर तिच्या टेबलावर हा वाजायचा. आज सगळं इतकं नीट? फिलिपिन्समधल्या जनरल सान्तोस बंदराच्या धक्क्यावर, खोल्या ट्यूना माशांनी गच्च भरलेल्या असताना?

ऐकणारा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. खालच्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये बसून राहणारा — कुठलीही फाइल उघडा, कुठल्याही सेलमध्ये काही बदललं की याला कळायचं, आणि हा आकडा तपासायचा. काल तिने त्याला शेजारी वेळ लिहायलाही शिकवलं आणि फसली. वेळ लिहिणं हाही बदलच, तो कळला की हा पुन्हा वेळ लिहायचा, पुन्हा ऐकायचा… स्वतःच्याच हाकेला ओ देत बसलेलं येडं! मग तिने आधी कान बंद करायची ओळ घातली, सगळं झाल्यावर उघडायची. मोठा शहाणपणा — पण मध्येच अडखळला तर? उघडायच्या ओळीपर्यंत पोचलाच नाही तर? तर तो ठार बहिरा, आणि बहिऱ्याची शांतता नि सुखाची शांतता इथून अगदी सारखीच. खाली मासे सडत असतील. भीती वाटायला हवी होती, पण तिला आधी उत्सुकताच वाटली, नेमका कशाला अडखळला असेल, आणि मग त्या उत्सुकतेची लाज वाटली. ती उठली.

खाली तिसऱ्या खोलीच्या दाराला खुर्ची टेकवून शीतगृहाचे म्हातारे राखणदार मनोंग सिसोय, म्हणजे सिसोयदादा, बसले होते. पाय समोरच्या खांबाला रेटलेले, मांडीवर कीबोर्ड. केळीच्या पानातला भात टेबलावर, हात पोचणार नाही इतका लांब.

"आलीस एकदाची, इंदाय!" ते सगळ्याच पोरींना लाडाने इंदाय म्हणत. " मला वाटलं, आज माझाही गोठलेला ट्यूना करतेस."

"मनोंग, हे काय करताय?"

"दाराचं रबर गेलंय. मी उठलो की उघडतं. सकाळीच कळवलं की तुला."

"मला? कुठे?"

त्यांनी हनुवटीने कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. "तुझा तो ऐकतो ना सगळं? त्यालाच सांगितलं. इंग्रजीत एक खिडकी आली मध्येच. म्हटलं पोचल्याची पावती असेल, बंद केली. मग वाट बघत बसलो."

आकड्याच्या सेलमध्ये लिहिलं होतं — उणे नऊ, दार लागत नाही, इंदाय, माणूस पाठव. त्याखाली पुढचे आकडे, उणे बारा, उणे सोळा, उणे अठरा… पाठ लावून खाली आणलेले. लाल एकही नाही. आकड्याच्या जागी शब्द आले तिथेच तो अडखळला होता, कान बंद ठेवून.

तिने दुरुस्तीवाल्याला फोन केला, भात मनोंगच्या हातात दिला, माणूस येईपर्यंत दार स्वतः रेटून धरलं. मासे वाचले होते. मनोंगना उठताना आधार दिला तेव्हा त्यांची पाठ हाताला गार लागली, आणि तिला रडूच आलं; ते आपले भातात मीठ कमी म्हणून कुरकुरत होते.

वर आल्यावर पहिली ओळ तिने झटक्यात लिहिली. काहीही बिघडो, शेवटी कान उघडायचेच. दुसरीही सोपी होती — आकडा नसेल तर सोडून दे. तिथे बोटं थांबली. सोडून दे…? मी याला आकड्यांपुरते कान दिले होते. मनोंगना कुणी सांगितलं होतं की हा सगळं ऐकतो? मीच. पहिल्या दिवशी, मिरवत. मग शब्दांचं काय करायचं याने? लाल करायचं? की नुसतं माझ्यापर्यंत आणून ठेवायचं — आणि मग मी?

आकडा नसेल तर… एवढ्यावर ओळ तशीच राहिली. स्पीकर गप्प होता. तिने तो कानाशी धरला. आता त्या शांततेत कुणीतरी दाराला पाठ लावून बसलेलं असेल, असं तिला वाटत राहिलं.